एका वायरवर सगळं घेतलं आणि आईंची मराठी चॅनल्सच गेली

दिवाळीचे पाहुणे गेले आणि मी वही घेऊन हिशोबाला बसले. बिलं अशी हातात येतच नाहीत आता, कुठलं यूपीआयने गेलेलं, कुठलं कार्डवर ऑटोपे लागलेलं, कुठलं माझ्या फोनवरून तर कुठलं नवऱ्याच्या, त्यामुळे घरातल्या इंटरनेट आणि टीव्हीवर महिन्याला नक्की किती जातात हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. मांडलं तेव्हा असं निघालं, केबलचे दोन बॉक्स, आई-बाबांच्या खोलीतला ३५० आणि हॉलमधला २६०, इंटरनेट सहा महिन्यांचे ३५४० म्हणजे महिन्याला ५९०, नेटफ्लिक्सचा स्टँडर्ड प्लॅन ४९९, प्राइम वर्षाचे १४९९ म्हणजे महिन्याला सव्वाशे, जिओहॉटस्टार तीन महिन्यांचे २९९ म्हणजे महिन्याला शंभर. सगळं मिळून १९२४ रुपये. वर्षाला तेवीस हजार. मी एका सीएच्या ऑफिससाठी घरून हिशोबाचं काम करते, लोकांचा रुपया-रुपया जुळवते, आणि घरातला हा आकडा मी पहिल्यांदा पाहत होते.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, जुनं घर आहे, भिंती दीड-दीड फुटाच्या. घरात सासू-सासरे (मी आई-बाबाच म्हणते), नवरा, मी आणि एम. एस. युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला असलेली लेक. आई १९७४ साली लग्न होऊन नाशिकहून इथे आल्या, गुजराती अस्खलित बोलतात, भाजीवालीशी भाव करताना कुणाला कळणार नाही की ह्या मराठी आहेत, पण संध्याकाळी सात ते साडेनऊ त्यांना मराठीच लागतं. ती अडीच तासाची मराठी त्यांच्यासाठी काय आहे हे मला ह्या सगळ्या प्रकरणात नीट समजलं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या ज्या-ज्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना उपयोग होईल.

आमचे केबलवाले काका फार जुने. ३१ मार्च २०१३ ला बडोद्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून तेच गच्चीवरून काळी वायर टाकून द्यायचे. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे (फोन-टीव्हीचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नवे नियम लागू झाले, प्रत्येक चॅनलची वेगळी किंमत आली, पहिल्या शंभर चॅनलचे १३० अधिक जीएसटी असे १५३ रुपये आणि त्यावर जे हवं ते निवडा, तेव्हा गल्लीत सगळ्यांची तारांबळ उडाली होती. तेव्हा काकांनी आमच्या ओट्यावर बसून आईंना एकेक चॅनल विचारून फॉर्म भरला होता. झी मराठी तेव्हा १९ रुपये होतं, आई म्हणाल्या चालेल, ते ठेवा, बाकीचं हिंदी काढा. त्या दिवसापासून आमच्या बॉक्सवर आईंची मराठी चॅनल्स कधी गेली नाहीत. गुजरातमधल्या तयार पॅकमध्ये ती नसतात, गुजराती आणि हिंदी असतात, इथे मराठी मागून घ्यावं लागतं, हे मी विसरूनच गेले होते कारण मागण्याचं काम काकांनी एकदाच करून टाकलेलं होतं.

तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका कंपनीचा सेल्सचा मुलगा आला. सगळं एकत्र, १०० एमबीपीएस इंटरनेट, साडेतीनशेच्या वर टीव्ही चॅनल, बारा-तेरा ओटीटी अ‍ॅप, नेटफ्लिक्ससकट, सगळं ९९९ मध्ये. “आमां तो बधुंज आवी जाय भाभी.” मुलगा नम्र होता, मन लावून बोलत होता, त्याला खोटं बोलायचं नव्हतं हे मला आजही वाटतं, त्याला त्याच्या पत्रकावर होतं तेवढंच माहीत होतं.

मी त्याला दोन दिवसांनी ये म्हटलं आणि बसून पत्रकातली बारीक अक्षरं वाचली. ९९९ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. सहा महिन्यांचे एकदम भरायचे, ५९९४ अधिक जीएसटी मिळून ७०७३. त्यात बॉक्स एकच, दुसऱ्या टीव्हीला अजून दीडशे अधिक जीएसटी म्हणजे १७७. नेटफ्लिक्स होतं पण बेसिक, म्हणजे एका वेळी एकच स्क्रीन आणि पिक्चर ७२० चा, आमचा स्टँडर्ड होता ज्यात दोन स्क्रीन आणि १०८० मिळतं, तो हवा असेल तर वरचे तीनशे आपण भरायचे. हॉटस्टार होतं पण मोबाईलचं, टीव्हीवर लागतच नाही. प्राइम तर यादीतच नव्हतं. म्हणजे आज घरात जे जसं आहे तसंच सगळं हवं म्हटलं तर ११७९, १७७, ३००, १०० आणि १२५. बेरीज १८८१. एवढी उलथापालथ करून महिन्याला वाचणार त्रेचाळीस रुपये.

इथे बरेच जण फसतात असं मला वाटतं, कारण अ‍ॅपचं नाव यादीत दिसलं की माणूस ते मिळालं असं समजतो. नाव तेच असतं, आतला प्लॅन वेगळा असतो. एकाच अ‍ॅपचे तीन-चार प्लॅन असतात आणि पॅकमध्ये बहुतेक वेळा खालचा येतो. किती स्क्रीन, टीव्हीवर चालतं का, जाहिराती आहेत का, हे प्रत्येक नावापुढे लिहून घेतल्याशिवाय तुलना होतच नाही.

मग मी दुसरं केलं. आठ दिवस रोज रात्री वहीत लिहिलं की आज कोणी काय पाहिलं, कुठे पाहिलं. लेकीला वाटलं मी तिच्यावर नजर ठेवतेय, तिला समजावून सांगितलं. आठ दिवसांनी जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. हॉलमधल्या टीव्हीवर केबलचा बॉक्स आठ दिवसांत दोनदा लागला, दोन्ही वेळा मॅचसाठी, आणि ती मॅच अ‍ॅपवरही होती. नेटफ्लिक्स लेकीशिवाय कोणीच पाहिलं नाही आणि तीही लॅपटॉपवर, झोपायच्या आधी तासभर, म्हणजे दोन स्क्रीनचे पैसे आम्ही कशासाठी भरत होतो. प्राइमवर आम्ही महिन्याला एखादा सिनेमा बघतो, जून २०२५ पासून त्यात जाहिराती येतात म्हणून नवरा वैतागतो, पण सामान मागवायला लागतं म्हणून ते राहू दे ठरलं. आणि आई-बाबांच्या खोलीतला टीव्ही रोज, न चुकता, सकाळी बाबांच्या बातम्या आणि संध्याकाळी आईंच्या मालिका. घरात खरोखर चॅनल बघणारा टीव्ही तो एकच.

म्हणजे एक बॉक्स पुरे, तो आई-बाबांच्या खोलीत. नेटफ्लिक्स बेसिक पुरे. हॉटस्टारचं टीव्हीवर चालणारं वेगळं भरायचं, प्राइम आहे तसं. १४०४ रुपये. महिन्याला ५२० वाचत होते, आणि इंटरनेटसाठी एकाला, टीव्हीसाठी दुसऱ्याला फोन करण्याची कटकट संपणार होती. मी सेल्सच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, मराठी चॅनल येतात ना? त्याचं उत्तर आलं, हो मॅडम, सगळे रीजनल आहेत. मी पुढे विचारलं नाही की कुठले, नावं सांग, ह्या पॅकमध्ये का वेगळे पैसे भरून. तिथे मी चुकले.

काकांना सांगायला मी स्वतः गेले, इतक्या वर्षांचा संबंध, फोनवर सांगणं बरं वाटेना. ते म्हणाले, कांई वांधो नहीं, हवे बधा एज करे छे, म्हणजे हरकत नाही, आता सगळे हेच करतात. बॉक्स परत घेतले, पावती दिली, आणि मी निघताना म्हणाले, “भाभी, मराठीनुं पूछी लेजो.” मी म्हटलं विचारलंय काका.

१४ नोव्हेंबरला शुक्रवारी दोन मुलं फायबर टाकायला आली. गल्लीच्या तोंडाशी खांबावर त्यांचा डबा, तिथून आमच्या गॅलरीपर्यंत सत्तर-एक मीटरची बारीक काळी वायर, अधेमध्ये दुसऱ्यांच्या वायरींच्या जुडग्यावरच बांधत आणली. घरात आल्यावर त्यातला मोठा मुलगा जमिनीवर रुमाल अंथरून बसला आणि मी बाजूला उभी राहून बघत होते. वायरीचं काळं आवरण सोललं, आत एक रंगीत दोरा, तोही सोलला की आत काच, सव्वाशे मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, डोळ्याला जेमतेम दिसते. ती स्पिरिटच्या कापसाने पुसली, करकर असा बारीक आवाज आला, तो म्हणाला हा आवाज आला की साफ झाली समजायचं. मग छोट्या यंत्रात टोक सरळ कापलं, कापलेला तुकडा चिमटीत धरून एका डबीत टाकला कारण तो पायात गेला तर सापडत नाही. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, मोठी दिसतात, उसाच्या दोन कांड्यांसारखी, एक ठिणगी आणि दोन्ही एक झाल्या. जोडात उजेड किती वाया जातो त्याचा आकडा पडद्यावर आला ०.०२, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग वर एक नळी सरकवून गरम करून बसवली. घरातल्या डब्यावर उजेडाची ताकद मोजली तर उणे २०. मला म्हणाला, भाभी उणे सत्तावीसच्या पलीकडे गेलं की नेट लटकायला लागतं, हा आकडा लिहून ठेवा, उद्या काही झालं तर आम्हाला सांगता येईल. मी वहीत लिहून ठेवला, आणि तो पुढे खरंच कामाला आला.

राउटर हॉलमध्ये, आई-बाबांची खोली मागे, मध्ये दोन जाड भिंती. त्याने वायफायवर बॉक्स लावून बघितला, पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे पोचतच नव्हता, २.४ वर चित्र अडकत होतं. मी म्हटलं वायर टाक. तो म्हणाला वायर तुमची आणावी लागेल. लेकीने स्कूटरवर जाऊन वीस मीटर लॅन केबल आणली, बाबांनी जुन्या टेलिफोनच्या वायरीचं भोक दाखवलं, त्यातूनच ती गेली. तेव्हापासून त्या टीव्हीवर एकदाही अडकलं नाही. जुन्या घरात राहत असाल तर टीव्हीच्या बॉक्सला वायरच टाका, राउटर बदलण्यात पैसे घालू नका.

संध्याकाळी सात वाजता आई हात-पाय धुऊन, देवापुढे दिवा लावून येऊन बसल्या. मी रिमोट घेऊन चॅनल शोधत होते. यादीत नाव दिसलं, झी मराठी, दाबलं तर काळा पडदा आणि पाटी, हा चॅनल आपल्या पॅकमध्ये नाही. स्टार प्रवाह, तीच पाटी. कलर्स मराठी, तीच. गुजराती सगळी लागत होती, हिंदी लागत होती, पन्नास इंग्रजी-हिंदी बातम्यांची लागत होती. सेल्सच्या मुलाला फोन लावला तर म्हणाला, हां भाभी, आ गुजरात पॅक छे, मराठी अलगथी लेवुं पडे, अ‍ॅपमधून घ्या. अ‍ॅपमध्ये बघितलं तर तिथे गुजराती पॅक, हिंदी पॅक, खेळांचा पॅक, मराठीचा नव्हताच, कारण आमचा पत्ता गुजरातचा.

आई काही बोलल्या नाहीत. राहू दे गं, एक दिवस नाही बघितलं तर काय होतंय म्हणाल्या, आणि आत जाऊन जपमाळ घेऊन बसल्या.

असे नऊ दिवस गेले. ह्या मालिका अ‍ॅपवर असतात, झीच्या झी५ वर, प्रवाहच्या आणि कलर्सच्या हॉटस्टारवर, त्यामुळे लेकीने दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर लावून दिली. आईंनी चष्मा लावून फोन हातात धरून बघितला, पंधरा मिनिटांनी हात भरून आला, मग उशीला टेकवून ठेवला तर स्क्रीन आपोआप आडवी-उभी होत राहिली, मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि ते सगळं गेलं, परत कसं आणायचं त्यांना कळेना आणि लेक क्लासला गेलेली. त्यांनी फोन तसाच टेबलावर ठेवून दिला. तिसऱ्या दिवसापासून आठ वाजताच झोपायला जायला लागल्या. बाबा मला हळूच म्हणाले, तिची वेळ मोडली गं. हॉलच्या टीव्हीवर लावून देते म्हटलं तर नको म्हणाल्या, तुमची कामं असतात. त्यांना आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर पाय लांब करून, रिमोटचे तीन आकडे दाबले की समोर माणसं मराठीत बोलताहेत, एवढंच हवं होतं.

कस्टमर केअरला पहिल्या चार दिवसांत पाच फोन केले. भाषा निवडा म्हणे, गुजराती, हिंदी, इंग्रजी. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट, एक म्हणाला चोवीस तासांत होईल, एक म्हणाला ते तुमच्या राज्यात उपलब्ध नाही, एकीने मला समजावलं की मॅडम साडेतीनशे चॅनल आहेत ना. तिला मी एवढंच म्हटलं, त्यात माझ्या सासूबाई बघतात ते एकही मराठी चॅनल नाही.

मग मी फोन सोडून लिहायला घेतलं. नियम मला २०१९ पासून थोडे माहीत होते, परत वाचले. केबल असो, डिश असो की इंटरनेटच्या वायरीतून येणारं आयपीटीव्ही असो, पे चॅनल सुटं निवडायचा हक्क ग्राहकाला आहे, आणि चॅनलची किंमत आपल्याला दिसली पाहिजे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्या १३० वाल्या फीवरची मर्यादा काढली, पण सुटं चॅनल निवडायचा हक्क काढलेला नाही. तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्यायचा, आणि निकाल पटला नाही तर इंटरनेटच्या बाबतीत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्रायकडे एकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाहीत, बरेच जण तिथे मेल करून वाट बघत बसतात. मी कंपनीला मेल केला, सोबत सेल्सच्या मुलाचा तो सगळे रीजनल आहेत वाला मेसेज, पावती, टीव्हीवरच्या पाटीचा फोटो. आणि त्याच दिवशी १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे मराठीसकट सतरा भाषांत बोलता येतं. मी मराठी निवडलं. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, नोंद केली, क्रमांक दिला. बडोद्यात बसून टीव्हीवर मराठी दिसत नाही ही तक्रार मराठीतून करता आली, त्या क्षणी मला फार बरं वाटलं, खरं सांगते डोळ्यात पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या वरच्या ऑफिसातून फोन आला. माणूस जाणता होता. म्हणाला मराठीचा पॅक आहे आमच्याकडे, पण गुजरातच्या ग्राहकाला अ‍ॅपमध्ये दिसत नाही, आतून टाकावा लागतो, ५४ रुपये अधिक जीएसटी. मी म्हटलं टाका. पैशासाठी माझं भांडण नव्हतंच, चौसष्ट रुपये मी पहिल्या दिवशीही आनंदाने दिले असते, मला कोणी विचारायला हवं होतं. १४०४ चे १४६८ झाले, आधीपेक्षा अजूनही साडेचारशे कमीच. रविवारी, २३ तारखेला दुपारी बॉक्स बंद करून चालू केला आणि चॅनल्स आली.

आईंना नवीन नंबर पाठ व्हायला चार-पाच दिवस लागले. त्या रिमोटवर अ‍ॅपची मोठमोठी बटणं आहेत, चुकून अंगठा लागला की भलतंच उघडतं आणि चॅनलवर परत येता येत नाही. आईंनीच उपाय काढला. परत आणणारं जे बटण आहे त्यावर त्यांनी आपली लाल टिकली चिकटवली. काहीही झालं की टिकली दाबायची. बाबाही आता टिकलीच दाबतात.

दीड महिना सगळं छान चाललं आणि उत्तरायण आली. बडोद्याच्या बाहेरच्यांना कल्पना येणार नाही, १४ आणि १५ जानेवारीला इथे घरात कोणी नसतं, अख्खं शहर गच्चीवर, आम्हीही तिळगूळ वाटून वरच. साडेअकराच्या सुमाराला समोरच्या गच्चीवरून एक मोठा पतंग कापला गेला, काप्यो छे ची आरोळी उठली, आणि त्याची दोरी खाली येताना आमच्या गल्लीतल्या वायरींवर आडवी पडली. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा पतंगाच्या आशेने दोरी धरून ओढायला लागला, मी वरून बघत होते, आमची ती बारीक काळी वायर धनुष्यासारखी ताणली गेली, मी ओरडले, अरे दोरी खेंचता नहीं, पण ढोल-स्पीकरच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार. वायर तुटून पडली नाही, फक्त खांबाजवळ मुरगळली. खाली येऊन बघितलं तर राउटरवर लाल दिवा. काच आतून तुटली होती. इंटरनेट गेलं, बॉक्स गेला, अ‍ॅप गेली, सगळं एकाच क्षणी.

आधी नेट गेलं तरी केबल असायची, केबल गेली तर नेट असायचं. दोन्ही वायरी एकाच दिवशी तुटल्याचं मला आठवत नाही. आता एकच वायर. हे कोणी पत्रकात लिहीत नाही आणि मीही हिशोब करताना धरलं नव्हतं.

माणूस मिळणार नव्हताच, दोन दिवस सगळे गच्चीवर. तेव्हा बाबांना आठवण झाली वरच्या खोलीतल्या डिशची. दूरदर्शनची फुकटातली, डीडी फ्री डिश, २००४ च्या डिसेंबरात जी डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली ती, बाबांनी नवीन-नवीन असतानाच बसवून घेतली होती. मधे एकदा बॉक्स बदलला होता, छत्री तीच, तिला महिन्याचा खर्च काही नाही आणि गल्लीतून वायरही येत नाही. नवऱ्याने आणि बाबांनी बॉक्स खाली आणला, छत्रीवर अडकलेल्या तीन पतंगांच्या दोऱ्या सोडवल्या, तासभर खटपट केली. सात वाजता सह्याद्री लागलं. आईंची मालिका नव्हती, पण मराठी बातम्या होत्या, नंतर गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि आई-बाबा दोघंही तिळाची वडी खात ते शेवटपर्यंत बघत बसले.

१६ तारखेला माणूस आला, वायर जोडली. मी त्याला म्हटलं पॉवर मोज, उणे २४ आली. मी वहीतला आकडा दाखवला, उणे २०. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, परत खांबावर चढला, जोड कापून नवा केला, उणे २१ वर आणला. बंद होतं त्या तीन दिवसांची मुदत मी मेल करून वाढवून मागितली आणि ती मिळाली.

सध्या व्यवस्था अशी आहे. एकत्र पॅक चालू आहे, तो काढायचा विचार नाही, पैसे खरंच वाचतात आणि नेट चांगलं आहे. राउटरला छोटा बॅकअप लावलाय, लाइट गेली तरी दोन-तीन तास चालतो. फ्री डिशची वायर आता कायमची आई-बाबांच्या टीव्हीला दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून ठेवलीय. पुढच्या उत्तरायणच्या आधी गॅलरीपाशी वायर खाली घेऊन भिंतीला लावून द्या असं कंपनीला आत्ताच लेखी कळवलंय.

केबलवाले काका मध्ये खंडेराव मार्केटपाशी भेटले, त्यांनी पहिलं हेच विचारलं, बाने मराठी आवे छे ने? सगळं सांगितलं. म्हणाले, रिन्यू करशो त्यारे फरीथी पूछजो, पॅक जतो रहेशे.

मी घरी येऊन मेल करून विचारलं. बरोबर होतं त्यांचं, सहा महिने संपले की मुख्य पॅक आपोआप पुढे चालू होतो, मराठीचा होत नाही, तो फोन करून पुन्हा टाकून घ्यावा लागतो. मुदत संपतेय मे च्या मध्यावर. आईंना सांगितलं तर त्या उठल्या, कालनिर्णयचं मे चं पान काढलं आणि १२ तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहिलं, मराठीसाठी फोन.